लोंढे सिस्टर आणि लसणाची खोली

लोंढे सिस्टर आमच्या केंद्रात रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी पहिली मागणी केली ती पाच किलो लसणाची. मी केंद्राचा फार्मासिस्ट. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आणि खरेदीच्या प्रत्येक कागदावर माझी सही, त्यामुळे मागणी माझ्यापुढे आली. 'समुपदेशनासाठी लसूण' असं लिहायला माझा हात काही धजेना. कशासाठी हवाय, असं मी जरा वरच्या पट्टीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "सोलायला." आणि चष्मा पुसत बसल्या. पुढे काही खुलासा येईल म्हणून मी थांबलो, तो आला नाही. अखेर मी 'स्वयंपाकघर' असं लिहून सही ठोकली. अगदीच खोटं नव्हतं म्हणा, सोललेला लसूण शेवटी स्वयंपाकघरातच जात असे.

आमचं व्यसनमुक्ती केंद्र बारामतीत, इंदापूर रस्त्याला. दारू सोडवणारी केंद्रं आता आपल्याकडे जागोजाग झाली आहेत. आमच्याकडे मात्र बायकांचा वेगळा विभाग आहे, आणि तिथे येणाऱ्या बहुतेक बायकांनी दारूचा थेंबही चाखलेला नसतो. त्यांचं व्यसन गोळीचं. अफूच्या कुळातल्या वेदनाशामक गोळ्या, कधी त्याच जातीचं इंजेक्शन. कुणाची कंबर ऊस बांधून गेलेली असते, कुणाची गर्भपिशवी काढलेली असते, कुणाचं बाळंतपण अवघड झालेलं असतं. दुखतंय म्हणून कुणीतरी एक गोळी देतं, ती लागू पडते, आणि मग दुखणं गेलं तरी गोळी जात नाही. सिस्टर म्हणायच्या, "कंबर बरी हुती, बाय बरी हुत न्हाय." त्यांच्या मते ती गोळी कंबरेचं नव्हे, त्याच्याही खालचं काहीतरी जुनं दुखणं दाबत असे.

इथे माझंही सांगून टाकतो, कारण सिस्टर ते कधी विसरू देत नसत. केंद्रात येण्याआधी माळेगावला माझं मेडिकल होतं. बायका यायच्या, तोंडाने काही मागायच्या नाहीत. पदराखालून गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवायच्या आणि मी भरलेली पट्टी पुढे सरकवायचो. चिठ्ठी कुठे आहे, हे मी किती वेळा विचारलं असेल? फार नाही. दुकान आता धाकटा भाऊ बघतो. हे मी सिस्टरांना पहिल्याच आठवड्यात चहावर कबूल केलं, तर त्या पावणेदोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग काय, गिऱ्हाईक जुनंच हाय तुमचं." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'मेडिकलवाले' झालो तो कायमचा. फार्मासिस्ट म्हणा, असं मी दोनतीनदा सुचवून पाहिलं.

सिस्टर मूळच्या शेळगावच्या. वडील छप्पनच्या दीक्षेतले, स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, आणि मुलीला नर्सिंगला घालायचंच या हट्टाने पेटलेले. पुढे सिस्टरांची उभी नोकरी अंथुर्ण्याच्या बाजूच्या उपकेंद्रात गेली. इंदापूर तालुक्यातली निम्मी तरुण पिढी आपल्या हातावर जन्मली असं त्या सांगत, आणि रस्त्याने जाताना लोक गाड्या थांबवून पाया पडत ते बघता त्यात फार अतिशयोक्ती नसावी. निवृत्त झाल्यावर कुणीही घरी बसलं असतं. या बाईंनी साठीला टेकल्यावर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, वर्गात सगळ्यांत पुढे बसून. काम नर्सचं राहिलं नव्हतं, पण 'सिस्टर' हे नाव काही सुटलं नाही.

ठेंगणा बांधा, सुती साडी आणि साडीखाली मुलाचे जुने पळायचे बूट. आवाज खणखणीत. स्कूटर चालवायच्या ती अशी, की शेजारून सायकलवाला निघून जाई. दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर कबड्डीचे सामने बघत आणि चढाई करणाऱ्याला नावानिशी शिव्या घालत. पंख्यावरून आमचं रोज वाजे. मला पंखा लागतो, त्यांना वारं सोसत नाही. एकदा रागाच्या भरात त्यांनी पंख्याचं बटण काढूनच पर्समध्ये टाकलं होतं.

पण खोलीत शिरल्या की ही बाई बदलायची. आल्या आल्या त्यांनी समुपदेशनाच्या खोलीतलं टेबल बाहेर काढलं. त्या टेबलासाठी मी वर्षभर पत्रव्यवहार केला होता, त्यामुळे माझा संताप झाला. मग दाराची बाहेरची कडी काढून टाकली. दार कधी लोटायचं नाही, असा हुकूम सोडला. नव्या बाईला त्या आधी सगळं केंद्र फिरवून दाखवत, पुढचं दार, मागचं दार, संडास, नळ. मग विचारत, कुठं बसतीस? बाई गोंधळून जाई. तिला आजवर असं कुणी विचारलेलं नसे. ती बसेल तिथे मधोमध लसणाने भरलेलं सूप यायचं, आणि दोघी सोलायला बसायच्या.

एवढंच. त्यात काय मोठं, असं मला महिनाभर वाटत होतं. मग हळूहळू ध्यानात आलं. लसूण सोलताना मान खाली असते. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. हातांना काम असतं, त्यामुळे ते थरथरतात हे लपतं. बोलावंसं वाटलं तर बोलता येतं आणि नाही वाटलं तरी बसण्याला निमित्त असतं. मी एकदा मोठ्या हुशारीने सुचवलं, लसणापेक्षा कांदे आणू, म्हणजे रडायलाही सोय. त्यांनी मला उडवून लावलं. कांद्यानं समद्याच रडत्यात, मग खरी कोण रडती ते कळत न्हाय, म्हणाल्या. 

आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येकीला जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळते. ती अंगाची तगमग थांबवते आणि जुन्या गोळीची तलफ मारते. ती गिळायची नाही, माझ्यासमोर बसून विरघळू द्यायची. पाचदहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तोंड मिटून ठेवायचं. आधी ही मिनिटं म्हणजे निव्वळ खोळंबा असे. सिस्टरांना ती फार आवडत. कारण सोबत आलेला नवरा किंवा सासू तेवढ्या वेळात बाईला काही विचारू शकत नसे, आणि विचारलं तरी तिला उत्तर द्यावं लागत नसे. सिस्टर शेजारी बसून आपलीच बडबड करत. कोंबडीने चपलेत अंडं घातलं, स्कूटर उसाच्या ट्रॉलीमागे दीड तास कशी अडकली. बायका तोंड मिटून हसायच्या, त्यांचे खांदे हलायचे, आणि मी गोळी सांडेल म्हणून ओरडायचो.

झालं काय, हे त्या कधीच विचारत नसत. विचारायच्या ते झोपेचं. काल कशी झोपलीस? आणि मग, हळूच, "तोंड कुठं करून झोपतीस, भिताडाकडं का दाराकडं?" हा प्रश्न मला फार दिवस येडपट वाटायचा. दाराकडे तोंड करून झोपणाऱ्या बायका किती निघाल्या ते मी इथे सांगत नाही. वर्षानुवर्षं दाराकडे लक्ष ठेवून झोपलेली बाई गोळी का घेते, हे मला पुढे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

केंद्राच्या फॉर्मवर एक रकाना होता, पूर्वायुष्यातला आघात. सिस्टर तो कोरा ठेवत. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. आघात काय ते माहीत नाही, मग समुपदेशन कशाचं करता, असं त्यांचं म्हणणं, आणि मनातून मलाही ते पटत होतं. सिस्टर म्हणाल्या, "पाय मोडलेलं माणूस दारात आलं तर साहेब, आदी बसाया देता का कसा मोडला ते इचारता? सांगायचं तवा ती सांगंल. आन न्हाय सांगितलं तरी बसल की." साहेबांनी पुढचं पान उलटलं.

आता छायाचं सांगतो. नाव बदललं आहे. तिनेच मला सांगितलं, लिहायचं तर लिहा दादा, नाव तेवढं दुसरं घाला.

छाया आली तेव्हा कारखान्यात नुकतीच मोळी टाकली होती, म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला होता. वय तेहतीसच्या आसपास. नवरा संजय माळेगावच्या कारखान्यात हंगामी कामगार, अबोल पण सरळ माणूस. बाळंतपणानंतर पाठ धरली म्हणून गोळी सुरू झाली आणि सहासात वर्षं चालली. एकदा ती दूध चुलीवर ठेवून गुंगीत पडली आणि स्वयंपाकघर पेटलं. मुलगी सात वर्षांची, आतच होती. शेजाऱ्यांनी बाहेर काढली. पोरीच्या केसालाही धक्का लागला नाही, पण नणंद इंदापूरहून आली आणि पोरीला घेऊन गेली. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, छाया गोळीविना राहिली तर पोरगी परत आणून सोडते, नाहीतर शाळेत नाव तिकडेच घालते, असं तिने सांगितलं. तिची तरी काय चूक म्हणायची? छायाने ते निमूट मान्य केलं. चार-पाच महिन्यांची मुदत आणि पणाला पोटची पोरगी.

पहिले तीन महिने ती एक दिवस चुकली नाही. संजय कामावर जाता जाता मोटारसायकलवरून सोडून जायचा. गोळी घ्यायची, लसूण सोलायची, आणि बोलायची फक्त पोरीबद्दल. नणंदेला शंका आली, की गोळी सोडवायला ही दुसरी गोळी कशाला? सिस्टरांनी फोनवर तासभर घालून तिला समजावलं. तेव्हा नणंद विरघळली आणि पोरीशी रोज संध्याकाळी फोनवर बोलू देऊ लागली. सगळं सुरळीत चाललं होतं. मी तर मनात म्हणायचो, ही तरली.

समुपदेशनाच्या खोलीला लागूनच माझी खिडकी. दार उघडं असल्याने आतलं बोलणं ऐकू येई, म्हणून सिस्टरांनी मला ताकीद दिली होती की बाई आत असली की औषधांच्या खोलीतला मोठा पंखा लावायचा. पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नसे. हा एकच पंखा त्यांना चालत असे. चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी लाईट गेली होती. मी उठून लांब जायला हवं होतं. मी गोळ्या मोजत बसलो होतो, आणि छायाचा आवाज स्पष्ट आला.

"सिस्टर, तुमी मला वळकलं न्हाय आजून. मी अंथुर्ण्याची. चुलत्याकडं ऱ्हायची. तेरा वर्साची हुते तवा चुलता मला तुमच्याकडं घिऊन आला हुता. हात मोडला हुता माझा."

 ती पुढे सांगत राहिली, एका सुरात. चुलत्याने सांगितलं, बैलगाडीवरनं पडली. सिस्टरांनी तिचा हात बघितला. मनगटावर बोटांचे वळ होते. त्यांनी वळ बघितले, चुलत्याकडे बघितलं, आणि वहीत लिहिलं, बैलगाडीवरून पडून. मग हाताला फळी बांधली, इंदापूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि तिच्या दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. चुलत्याने तिला घरी नेलं. त्या घरात ती आणखी चार वर्षं होती. त्या चार वर्षांत काय झालं ते छायाचं आहे, मी लिहिणार नाही.

"तुमी इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं," ती म्हणाली. "मी वाट बगत हुते तुमी इचाराल म्हणून."

आणि इथे सिस्टरांनी चूक केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी केली नसेल अशी. त्या खरं बोलल्या. म्हणाल्या, "मला आठवत न्हाय, पोरी."

छाया उठली, चप्पल पायात घातली आणि मागच्या दाराने गेली. दोन्ही दारं तिला पहिल्या दिवशीच दाखवलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही नाही. आमच्याकडे नियम आहे, सलग सात दिवस न आलेल्याचं नाव कमी होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तेवढा वेळ छायाकडे नव्हता. पट्टा पडायला महिना राहिला होता. संजय घाबरून आला, ती अंथरुणातून उठत नाही, अंग टाकलंय, मला काही सांगत नाही, म्हणाला. मी सिस्टरांना म्हटलं, तिच्या घरी जाऊ. त्यांनी नकार दिला. बाईच्या दारात आपण जायचं नाही, गावाला कळतं, हा त्यांचाच नियम होता.

सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. पंखा बंद होता, तुम्ही ऐकलंच असेल, हजारो पेशंट झाले, खरंच आठवत नाही, असं म्हणाल्या. मी आपला धीर द्यायला लागलो, की वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पोरीचा कदाचित गैरसमजही असेल. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"गैरसमज न्हाय. बिस्किट दिलं म्हणती ना ती? मी बिस्किट कवा द्यायची ठावं हाय? पोराला सुई टोचल्यावर न्हाय. जवा माझीच मला लाज वाटायची, तवा. पोरगी मला आठवत न्हाय मेडिकलवाले, पण मी मला वळकते."

मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्ही लिहा, मी सही करते, म्हणाल्या. मी सरकारी थाटात सुरुवात केली, की सदर रुग्णाबाबत तत्कालीन नोंदवहीत चुकीची नोंद करण्यात आली. त्यांनी कागद ओढून घेतला. "करण्यात आली म्हंजी कुणी केली? म्या केली. तसं लिवा." दुसऱ्या कागदावर त्यांनीच मजकूर सांगितला. मला तो दिवस आठवत नाही, पण छाया सांगते ते खरं आहे. तिच्या मनगटावरचे वळ मी पाहिले. तिला कुणी मारलं हे मला कळलं होतं. मी भ्याले आणि वहीत खोटं लिहिलं. तिने काही लपवलं नव्हतं, मी लपवलं.

मी म्हटलं, का भ्यालात ते तरी लिहू. तो चुलता गावच्या सोसायटीचा चेअरमन होता, हे त्या गुरुवारी छायाच्या बोलण्यात आलं होतं. त्या गावात सिस्टर एकट्या, बौद्ध वस्तीतल्या, उपकेंद्राच्या खोलीत राहणाऱ्या, लहान पोर पदरात. त्याच्या एका शब्दावर त्यांची बदली झाली असती किंवा त्याहून वाईट काही. सिस्टर म्हणाल्या, "ते खरं हाय. पण ते माझं झालं. ह्या कागदावर तिचं पायजे." थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, की पंचशील त्या रोज सकाळी म्हणतात, खोटं बोलणार नाही हे चौथं शील, आणि इतकी वर्षं ते म्हणताना जीभ कधी अडखळली नाही. मला त्यांचा त्या क्षणी फार अभिमान वाटला आणि माझी मला लाज वाटली. माझ्या दुकानातल्या एकाही पट्टीबद्दल मी असा कागद कुणाला दिलेला नाही.

छायाच्या फोनवर त्यांनी निरोप ठेवला. माळेगावच्या अलीकडे कालव्याच्या पुलावर दुपारी बारा ते दोन मी उभी असेन, उद्यापासून रोज. यायचं असलं तर ये, नसलं तर नको.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बरेच लोक आले. उन्हात पुलावर स्कूटरशेजारी लोंढे सिस्टर उभ्या आहेत म्हटल्यावर येणारा-जाणारा थांबणारच. ट्रॅक्टरवाले, मोटारसायकलवाले, दूधवाले, सगळ्यांचा एकच प्रश्न, सिस्टर, गाडी बंद पडली का? थांबलेय जरा, एवढंच त्या म्हणायच्या. पण सिस्टरांची गाडी बंद पडलेली असताना पुढे निघून जाईल असा माणूस त्या भागात नाही. दोघांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला, प्लग काढला, कार्बोरेटर खोलला, नीट साफ करून परत बसवला, आणि तेव्हापासून ती चांगली चालणारी स्कूटर खरोखरीच बंद पडली. अखेर तीच मंडळी ती ट्रॉलीत टाकून सिस्टरांना बारामतीला सोडून गेली. तिसऱ्या दिवशी सिस्टर वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने गेल्या. छाया शेवटची येऊन सहा दिवस झाले होते.

त्या दिवशी ती आली. पुलावर दोघींचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती. सिस्टरांनी परत आल्यावर एवढंच सांगितलं, "वाचलं तिनं. दोनदा." मग दोन पेले पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या.

सातव्या दिवशी सकाळी छाया माझ्या खिडकीसमोर उभी होती. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, अंगावर काटा. मधल्या दिवसांत जुन्या गोळ्या दोनदा घेतल्या, हे तिने स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तपासून औषध परत सुरू केलं. सिस्टरांनी तिला रागावलं नाही की कुरवाळलं नाही. कुठे बसतेस, असं विचारलं. छाया त्या दिवशी त्यांच्या अगदी समोर बसली. मी मोठा पंखा लावला आणि रजिस्टरात तोंड खुपसलं.

फाल्गुनात कारखान्याचा पट्टा पडला. नणंद स्वतः येऊन डॉक्टरांना भेटली, छायाला न्याहाळून गेली, आणि रविवारी पोरीला आणून सोडते म्हणाली. सिस्टरांचाही तो शेवटचा महिना होता. गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन जाणार होता. आम्ही त्यांचा निरोपसमारंभ ठरवला तर त्यांनी तो हाणून पाडला. मला त्यांच्यावाचून केंद्र ही कल्पनाच सहन होत नव्हती, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, त्यांनी खिल्ली उडवली असती.

शुक्रवारी छायाने गोळी विरघळू दिली, उठली आणि ब्लाऊजमधून छोटी पाकिटासारखी पिशवी काढली. आत तो कागद होता. घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्यात घामाने शाई फुटलेली. ती म्हणाली, "दादा, ह्ये लॅमिनेशन करून आणता का? फाटायला लागलाय. पोरीसाठी ठिवायचाय. मोठी झाली म्हंजी दावीन, तिची आई अशी का झाली हुती ते."

समोर रस्त्यापलीकडे झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. दुकानदार मूळचा अंथुर्ण्याचा. मी आवाज खाली आणून म्हटलं, छाया, तो कागद वाचेल. तुझं नाव आहे त्यात.

"वाचू द्या की," ती म्हणाली. "खोटं इतकी वर्सं वहीत हुतं. ते वाचलंच आसंल की कुणी."

सिस्टर दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी तोड काढतील. त्या म्हणाल्या, चला, मी येते.

रस्ता ओलांडायला त्यांना वेळ लागला. छायाने त्यांचा दंड धरला होता. मीही मागोमाग गेलो, झेरॉक्सचं निमित्त करून. दुकानदाराने सिस्टरांना बघितल्याबरोबर काउंटरच्या बाहेर येऊन पाय धरले, थोरला सातवीत गेला, धाकटी नाच शिकते, असं एका दमात सांगितलं. दोन्ही लेकरं सिस्टरांच्याच हातची. मग कागद घेतला, हाताने सपाट केला आणि करता करता वाचू लागला. दोन ओळींवर त्याचा हात थांबला. त्याने छायाकडे बघितलं नाही. सिस्टरांकडे बघितलं.

सिस्टरांनी मान खाली घातली नाही. उन्हात चालून त्यांना धाप लागली होती, बूट धुळीने भरले होते, आणि त्या त्याच्याकडे सरळ बघत उभ्या होत्या. सिस्टर, हे तुम्ही, एवढं तो म्हणाला आणि अडला.

"व्हय. मीच," त्या म्हणाल्या. त्याने कागद प्लॅस्टिकच्या दोन थरांत घातला आणि मशीनमधून काढला. गरम तक्ता काउंटरवर ठेवून त्याने कडा कापायला कात्री लावली, तेव्हा सिस्टरांनी त्याच्या मनगटाला हलकेच हात लावला.

"जरा भाईरनं काप, बाळा. खाली माझी सही हाय. ती कापली जायाला नको."